'हँडमेड' लिहिलं म्हणजे हाताने बनवलं का? कपड्यांवरची लेबलं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

गणपती किंवा दिवाळी जवळ आली की डोंबिवलीत हॉल भाड्याने घेऊन प्रदर्शनं भरायला लागतात. ठाण्यात नौपाडा, राम मारुती रोडच्या आसपास तेच चित्र असतं आणि कल्याणातही काही वेगळं नसतं. टेबलांवर खणाचे ब्लाऊज, वारली कुर्ते, क्रोशाचे टॉप, पैठणी काठाचे ड्रेस आणि बाळंतविड्याची कुंची, झबली, दुपटी मांडलेली असतात. ज्यांना हॉलचं भाडं परवडत नाही त्या महिला इन्स्टाग्रामवर रील टाकतात आणि व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतात. टेबल असो की रील, एक शब्द बहुतेक ठिकाणी दिसतो, तो म्हणजे 'हँडमेड'.

समजा, एका टेबलावर 'हँडमेड वारली कुर्ता' ७०० रुपयांना आहे आणि शेजारच्या टेबलावर तसाच दिसणारा 'हँडमेड वारली कुर्ता' २८०० रुपयांना आहे. ग्राहक स्वस्त तोच घेणार, कारण लेबल दोन्हींवर सारखंच आहे. पण पहिल्याचं कापड यंत्रमागावरचं असेल, नक्षी मशिनवर छापलेली असेल आणि फक्त बटणं हाताने लावलेली असतील. दुसऱ्यावर कुणीतरी तीन दिवस बसून ब्रशने चित्रं काढलेली असतील. हा फरक लेबलवर दिसत नाही आणि त्याचा फटका दुसऱ्या टेबलामागे बसलेल्या बाईला बसतो.

हाताने बनवलेल्या कपड्यावर लेबल लावण्याचा प्रश्न त्यामुळे फक्त शिवणकामाचा किंवा ब्रँडिंगचा राहत नाही. कुणाच्या मेहनतीला दाम मिळणार आणि कुणाला तिच्या नावावर फुकट कमाई करता येणार, हे त्यावर ठरतं. कायदा याबद्दल काय म्हणतो, कोणतं लेबल नेमकी कशाची खात्री देतं आणि विक्रेत्यांनी, ग्राहकांनी काय करावं, हे समजून घेऊ.

लेबलावर विश्वास का बसत नाही?

ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही 'मेड इन यूएसए'चा विनोद माहीत असतो. यूएसए म्हणजे अमेरिका नव्हे, तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये वसवण्यात आलं. १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. हातात भांडवल नसलेल्या या लोकांनी छोटे छोटे उद्योग उभे केले आणि पुढे उल्हासनगर जीन्सची मोठी बाजारपेठ बनलं. तिथे कोणतीही वस्तू बनते आणि तिच्यावर हवं ते नाव चिकटवता येतं, या समजातून हा विनोद जन्माला आला.

विनोद बाजूला ठेवला तरी त्यातली गोष्ट खरी आहे. लेबल हा कापडाचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. ते कुणीही छापून घेऊ शकतं आणि सुईच्या चार टाक्यांत लावू शकतं.

आणखी एक संदर्भ याच परिसरातला आहे. कल्याणचा दुर्गाडी पूल ओलांडला की भिवंडीचा रस्ता लागतो. भिवंडी आज यंत्रमागांचं शहर म्हणून ओळखलं जातं, पण तिथेही एकेकाळी हातमाग चालायचे. यंत्रमागाचं कापड वाईट असतं असं अजिबात नाही. देशातल्या सर्वसामान्य माणसाच्या अंगावर ते असतं आणि लाखो कामगारांची पोटं त्यावर चालतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा यंत्रमागाचं कापड हातमागाच्या नावाने विकलं जातं.

'हाताने बनवलेलं' म्हणजे नक्की काय?

एक कपडा अंगावर येईपर्यंत साधारण पाच टप्पे पार करतो. आधी तंतू येतो, म्हणजे सुती, रेशमी, लोकरी की पॉलिस्टर. मग सूत कातलं जातं. त्यानंतर कापड विणलं जातं. मग त्यावर रंगकाम, छपाई, भरतकाम असं नक्षीकाम होतं. शेवटी ते बेतून शिवलं जातं. यातला प्रत्येक टप्पा हाताने होऊ शकतो किंवा यंत्रावर.

डोंबिवलीत एखाद्या घरात शिलाई मशिनवर शिवलेला खणाचा ब्लाऊज हँडमेड आहे का? शिवणाऱ्या बाईच्या दृष्टीने नक्कीच आहे. बेतणं, कापणं, अस्तर लावणं, हेम घालणं सगळं तिनेच केलेलं असतं. पण खण यंत्रमागावरचा असेल, तर तो हातमागाचा ब्लाऊज नाही. याउलट हातमागाच्या साडीला मशिनने फॉल-पिको केलं म्हणून तिचं हातमागपण जात नाही.

'हँडमेड' हा एकच शब्द या पाचही टप्प्यांवर पांघरूण घालतो. ऐकणारा त्यातून सगळ्यात मोठा अर्थ काढतो आणि काही विक्रेते मनात सगळ्यात छोटा अर्थ ठेवतात. गोंधळ होतो तो यामुळे.

कोणतं अधिकृत लेबल कशाची खात्री देतं?

भारतात कापडासाठी काही अधिकृत चिन्हं आहेत. त्यातलं प्रत्येक चिन्ह वरच्या पाच टप्प्यांपैकी एखाद-दुसऱ्याबद्दलच बोलतं.

सिल्क मार्क २००४ मध्ये सुरू झाला. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने स्थापन झालेली सिल्क मार्क ऑर्गनायझेशन ऑफ इंडिया ही संस्था तो देते. वापरलेलं रेशीम शुद्ध, नैसर्गिक आहे, एवढंच तो सांगतो. विणकाम हाताने झालं की यंत्रावर, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे यंत्रमागावर विणलेल्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क असू शकतो आणि त्यात काहीही गैर नाही.

हँडलूम मार्क २००६ मध्ये आला. कापड हातमागावर विणलेलं आहे, याची खात्री तो देतो. ही योजना टेक्स्टाइल्स कमिटीमार्फत राबवली जाते आणि तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. २०१५ मध्ये ७ ऑगस्टला, पहिल्या राष्ट्रीय हातमाग दिनी, याच्या जोडीला 'इंडिया हँडलूम ब्रँड' आला. त्यात हातमागासोबत दर्जाच्या आणि पर्यावरणाच्या अटीही आहेत.

खादी मार्कसाठीचे नियम २०१३ चे आहेत. १९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्यानुसार खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुतापासून हातमागावर विणलेलं कापड. म्हणजे खादीला कातणं आणि विणणं हे दोन्ही टप्पे हाताने हवेत. खादीसारखं दिसणारं जाडंभरडं सुती कापड खादी होत नाही.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, हे १९९९ च्या कायद्याखाली मिळतं आणि तो कायदा २००३ पासून लागू आहे. एखादी वस्तू विशिष्ट भागातली आणि विशिष्ट पद्धतीने बनवलेली आहे, हे ते सांगतं. सोलापुरी चादर आणि पैठणी ही महाराष्ट्रातली ठळक उदाहरणं आहेत.

थोडक्यात, सिल्क मार्क तंतूबद्दल बोलतो, हँडलूम मार्क विणकामाबद्दल, खादी मार्क कातणं आणि विणणं दोन्हींबद्दल, तर जीआय ठिकाण आणि परंपरेबद्दल. शिलाई हाताने केली का, हे यातलं एकही चिन्ह सांगत नाही.

पैठणीच्या लेबलात गोंधळ कुठे होतो?

ठाणे-डोंबिवलीच्या बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ पैठणीबाबत होतो. पैठणीला २०१० मध्ये जीआय मिळालं. पैठण आणि येवला ही या विणकामाची मुख्य केंद्रं आहेत. हातमागावर एक साडी विणायला नक्षीप्रमाणे काही आठवड्यांपासून अनेक महिने लागू शकतात.

दुकानात मात्र 'सेमी पैठणी', 'सिल्क पैठणी', 'येवला स्टाइल पैठणी' अशी नावं दिसतात. 'सेमी' हा शब्द निदान प्रामाणिक म्हणता येईल. 'स्टाइल'सारखे शब्द मात्र लहान अक्षरात लिहिले जातात आणि 'पैठणी' मोठ्या अक्षरात.

खरी हातमागाची पैठणी ओळखायची एक जुनी खूण आहे. पदर उलटा करून पाहायचा. हाताने विणलेल्या पदरावरचा मोर किंवा कमळ मागच्या बाजूनेही जवळपास तितकंच स्वच्छ दिसतं, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच गुंफलेला असतो. यंत्रावर विणलेल्या पदराच्या मागे आडवे सुटे धागे दिसतात किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा दिसतात. काही ठिकाणी हे धागे अडकू नयेत म्हणून मागून जाळी लावलेली असते.

जीआय नोंदणी झालेल्या वस्तूच्या नावाचा खोटा वापर हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. खरी पैठणी विकत घेऊन ती पुढे विकायला अर्थातच हरकत नाही. यंत्रमागाच्या साडीला 'जीआय पैठणी' म्हणणं मात्र थेट कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतं.

वारली कुर्त्याचं काय?

हा प्रश्न तर ठाणे जिल्ह्याच्या घरचाच आहे. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे वारलींचे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेलाही जीआय नोंदणी आहे आणि त्यासाठी आदिवासी युवा सेवा संघाने अर्ज केला होता.

आज वारली आकृत्या कुर्त्यावर, साडीवर, कुशनवर, मोबाइलच्या कव्हरवर सगळीकडे दिसतात. यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक, वारली कलाकाराने हाताने काढलेलं चित्र. दोन, डोंबिवलीतल्या एखाद्या ताईने शिकून हाताने काढलेली वारली शैलीतली आकृती. तीन, कारखान्यात छापलेलं वारली प्रिंट. पहिल्या दोन्हींवर 'हँडपेंटेड' लिहिणं खरं आहे, पण दोन्ही एकच नाहीत. तिसऱ्यावर 'प्रिंट' लिहायला काहीच अडचण नसावी. तरीही बऱ्याचदा तिन्हींवर नुसतं 'वारली' लिहिलेलं असतं आणि ज्यांची ही कला आहे त्यांचं नाव कुठेच येत नाही.

'हँडमेड' शब्दाला कायद्यात अर्थ आहे का?

कपड्यांवर 'हँडमेड' कधी लिहावं, याची स्वतंत्र कायदेशीर व्याख्या भारतात नाही. हँडलूम, खादी, सिल्क या शब्दांमागे निदान एखादं अधिकृत चिन्ह आहे. 'हँडमेड'मागे फक्त विक्रेत्याचा शब्द आहे.

मग लेबलवर काय असणं बंधनकारक आहे? वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापाच्या, २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांमध्ये २०२२ साली बदल झाला. सुट्या किंवा उघड्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांसाठी बऱ्याच अटी कमी झाल्या आणि मुख्यतः चार गोष्टी उरल्या. बनवणाऱ्याचं किंवा ब्रँडच्या मालकाचं नाव आणि पत्ता, ग्राहकांसाठी ईमेल आणि फोन नंबर, एस-एम-एल-एक्सएल अशा साइजसोबत सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये माप आणि कमाल किरकोळ किंमत. आयात मालावर देशाचं नावही लागतं.

या चार गोष्टींत कापड कशाचं आहे हे नाही आणि ते कसं बनलं हेही नाही. कापड बनवणाऱ्यांसाठी वस्त्रोद्योग आयुक्तांचे १९८८ चे नियम आहेत. सुटिंग-शर्टिंगच्या काठावर पॉलिस्टर किती टक्के, व्हिस्कोस किती टक्के असं छापलेलं असतं, ते त्यातूनच आलं. पण टेलरने काठ कापला की ती माहिती चिंध्यांच्या पिशवीत जाते.

याचा अर्थ काहीही लिहायला मोकळीक आहे, असा मात्र नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, घटक किंवा प्रकार याबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं आणि पुन्हा तसं घडलं तर ५० लाखांपर्यंत. ही तरतूद जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यांनाही लागू आहे. पैसे घेऊन 'प्युअर हँडलूम' म्हणत रील करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनेही त्यामुळे आधी खातरजमा केलेली बरी.

इतर ठिकाणीही हा शब्द निसरडाच आहे. हस्तकलेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या 'एट्सी' या संकेतस्थळावर कारखान्यातला माल हँडमेड म्हणून विकला जातो, अशी टीका वर्षानुवर्षं होत होती. २०२४ मध्ये त्यांनी वस्तूंची वेगळी वर्गवारी सुरू केली. वस्तू विक्रेत्याने स्वतः बनवली, फक्त तिचं डिझाइन केलं, निवडून आणली की साहित्य म्हणून पुरवली, हे तिथे सांगावं लागतं. 'हँडमेड' या एका शब्दाने काम भागत नाही, याचीच ती कबुली होती.

यावरून वाद झाले आहेत का?

खादीवरून मोठे वाद झाले आहेत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 'खादी' नावाच्या वापरावरून २०१८ मध्ये फॅबइंडियाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात ५२५ कोटी रुपयांचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप फेटाळले. २०२२ मध्ये आयोगाने मुंबई खादी अँड व्हिलेज इंडस्ट्रीज असोसिएशनचं खादी प्रमाणपत्र रद्द केलं. ही संस्था दादाभाई नौरोजी रोडवरचं प्रसिद्ध खादी एम्पोरियम १९५४ पासून चालवत होती. खादीच्या नावाखाली खादी नसलेला माल विकला गेल्याचं आयोगाचं म्हणणं होतं. पिढ्यानपिढ्या विश्वासाचं समजलं जाणारं दुकानही या प्रश्नातून सुटलं नाही.

२०२५ मधला प्राडाचा वाद कपड्याचा नव्हता, पण मुद्दा हाच होता. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि त्यांचं वर्णन नुसतं 'लेदर सँडल' असं होतं. २०१९ पासून जीआय असलेल्या कोल्हापुरीचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयाने याबाबतची जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली, कारण याचिकाकर्ते जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते. नुसतं नाव मोठं असून चालत नाही. ते कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे आणि दाद मागायला कोण उभं राहतं, हेही महत्त्वाचं ठरतं.

लेबलवर कुणाचं नाव नसतं?

हाताने बनवलेलं म्हणजे न्याय्य मजुरी देऊन बनवलेलं, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. क्रोशाचं उदाहरण घ्या. खरं क्रोशाचं विणकाम हातानेच करावं लागतं. यंत्रावर क्रोशासारखं दिसणारं कापड बनतं, पण टाका तोच नसतो. म्हणजे मॉलमध्ये ४०० रुपयांना खरा क्रोशाचा टॉप मिळत असेल, तर तो हँडमेड आहेच. प्रश्न एवढाच की दुकानाचा नफा, वाहतूक आणि धागा वजा जाता विणणारीच्या हातात किती उरलं?

तयार कपड्यांच्या धंद्यात धागे कापणं, काज-बटण, टिकल्या लावणं अशी कामं घरोघरी नगावर दिली जातात. ही कामं बहुतेक महिला करतात. घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये करार केला, पण भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत आणि त्यात महिलांचं प्रमाण मोठं आहे. 'हँडमेड' लेबलमधला हात बहुतेक वेळा बाईचा असतो आणि नाव बहुतेक वेळा दुकानाचं.

आता स्वतःच विकणाऱ्या बाईचा हिशेब पाहू. समजा, बाळाच्या गोधडीवर हाताने धावदोरा घालायला २० तास लागले. तासाला फक्त ६० रुपये धरले तरी १२०० रुपये मजुरीच झाली. कापड, अस्तर, दोरा वेगळा. मशिनवर शिवलेली तशीच गोधडी ५०० रुपयांना मिळते आणि तिच्यावरही 'हँडमेड' लिहिलेलं असतं. अशा वेळी पहिलीने आपली किंमत ग्राहकाला कशी पटवायची? तिच्याकडे एकच साधन आहे, ते म्हणजे खरी आणि नेमकी माहिती.

घरून विक्री करणाऱ्यांनी लेबलवर काय लिहावं?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे 'हँडमेड' एवढंच लिहून न थांबता कोणता टप्पा हाताने झाला ते लिहायचं. उदाहरणार्थ:

- 'कापड : यंत्रमाग, १०० टक्के सुती. वारली शैलीतलं चित्र हाताने रंगवलेलं. शिलाई मशिनवर, डोंबिवली.'
- 'सुती गोधडी. धावदोरा पूर्ण हाताने, सुमारे २० तासांचं काम.'
- 'हातमागाच्या इरकल कापडाचा ब्लाऊज. हुक आणि हेम हाताने.'

यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. मशिनवर शिवलं असं लिहिल्याने ग्राहक पळत नाही. उलट बाकीच्या ओळींवर त्याचा विश्वास बसतो.

त्याखाली नाव, पत्ता, फोन, सेंटिमीटरमध्ये माप आणि किंमत लिहावी. धुण्याची सूचना जरूर द्यावी. पाण्याच्या टोपल्याचं चिन्ह धुण्यासाठी, त्रिकोण ब्लीचसाठी, चौकोन वाळवण्यासाठी आणि वर्तुळ ड्रायक्लीनसाठी असतं. ही चिन्हं नको असतील तर 'पहिल्यांदा वेगळं, गार पाण्यात धुवा' ही साधी मराठी ओळही पुरते. रंग गेल्याच्या निम्म्या तक्रारी या एका ओळीने टळू शकतात.

लेबल कुठे लावायचं, हेही महत्त्वाचं आहे. मोठ्यांच्या कुर्त्याला ते गळ्याच्या मागे किंवा आतून बाजूच्या शिवणीत चालतं. तान्ह्या बाळाच्या झबल्याला मात्र कडक विणलेलं लेबल मानेपाशी लावू नये, कारण ते टोचतं. मऊ सुती पट्टीवर छापलेलं लेबल बाहेरच्या बाजूने खाली लावावं किंवा टॅग दोऱ्याने बांधून द्यावा.

स्वतःच्या ब्रँडचं नाव असेल तर त्याची ट्रेडमार्क नोंदणी करता येते. कपड्यांसाठी २५ वा वर्ग आहे आणि व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाचं शुल्क ४५०० रुपये आहे. नोंदणी होण्याआधी नावापुढे 'टीएम' लिहिता येतं. वर्तुळातलं 'आर' हे चिन्ह मात्र नोंदणी झाल्याशिवाय वापरलं तर ते कायद्याचं उल्लंघन ठरतं. हँडलूम मार्क, सिल्क मार्क किंवा जीआयचं चिन्ह इंटरनेटवरून घेऊन टॅगवर छापणं तर अजिबात करू नये. त्यासाठी नोंदणी लागते.

ग्राहकांनी काय तपासावं?

पहिली गोष्ट, प्रश्न विचारा. 'हे हँडमेड आहे का?' असं न विचारता 'यात हाताने काय केलंय?' असं विचारा. खरं काम करणारी बाई या प्रश्नाने खूश होते आणि सविस्तर सांगते. आणून विकणाऱ्याला उत्तर सुचत नाही.

दुसरी गोष्ट, कपडा उलटा करा. हाताने केलेल्या भरतकामाच्या मागे गाठी आणि थोडे असमान टाके दिसतात. मशिनच्या भरतकामाच्या मागे सहसा एकाच रंगाचा खालचा दोरा सलग दिसतो आणि बऱ्याचदा कागदासारखं अस्तर असतं. हाताने रंगवलेल्या रांगेतल्या दोन आकृत्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. छापील आकृत्या असतात.

तिसरी गोष्ट, कापडाची शंका असेल तर शिवणीतला एखादा सुटा धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि भुरभुरीत राख होते. रेशीम आणि लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. ही चाचणी चिमट्यात धरून, सिंकजवळच करावी.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करू शकतो. म्हणजे विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला तरी डोंबिवलीकराला ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. त्यासाठी बिल, टॅग, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवावं. रील डिलीट होऊ शकते.

पुढे काय?

'हँडमेड'ची व्याख्या कायद्यात यावी का, यावर मतं वेगळी असू शकतात. व्याख्या कडक केली तर घरात मशिनवर शिवणारी बाई त्यातून बाहेर पडेल. सैल ठेवली तर आज जे चाललंय तेच चालू राहील. टप्प्यानुसार माहिती देणं हा त्यातला मधला मार्ग आहे आणि त्यासाठी कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. प्रदर्शन भरवणारी मंडळं आणि बचत गट स्टॉल देतानाच 'यात हाताने काय केलंय?' हा रकाना फॉर्ममध्ये टाकू शकतात. तीच माहिती टॅगवर आली की ७०० आणि २८०० रुपयांच्या दोन कुर्त्यांतला फरक ग्राहकाला टेबलापाशी उभ्या उभ्या कळेल.

त्यानंतर त्याने ७०० वाला घेतला तरी हरकत नाही. फक्त तो काय घेतोय, हे त्याला माहीत असेल.